बुडालेले मासे

आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होता. कपाट पुसताना बरण्यांतल्या मेलेल्या सापांनाही तो "सरका की वाईच" म्हणायचा.

एकदा त्यानं रत्नागिरीच्या खाडीतून निवटे आणले. चिखलावर उड्या मारणारे हे बोटभर मासे ओल्या कातडीनं हवेत श्वास घेतात. एसटीत डबा मांडीवर धरून, दर थांब्याला झाकण उघडून त्यानं ते जिवंत पोचवले. विभागप्रमुखांनी ते बरणीत टाकायला लावले, काठोकाठ पाणी भरून, वर घट्ट झाकण.

"सायेब, बुडून मरतील की!"

"मासा बुडतो? मला शिकवतोस?"

सकाळी सगळे मेलेले. आणि हलगर्जीपणाचा मेमो कुणाला? शिपायाला! अजून डोकं तडकतं माझं.

त्यानं मासे फॉर्मॅलिनमध्ये घातले आणि लेबल लिहिलं: 'निवटा. रत्नागिरीची खाडी. बरणीत बुडून मेला.' त्यावर डेमॉन्स्ट्रेटर म्हणून माझी सही लागायची.

"पेनात शाई नाही," मी म्हणालो.

"ह्यात हाय की," म्हणत त्यानं स्वतःचं पेन पुढं केलं.

मी ते घेतलं नाही.