चालतंय, पण का

रायमो केटोला ताम्पेरे शहरातल्या आमच्या विणकाम शाळेत वायरमन आहे. वय चोपन्न. यंत्र अडलं की तो स्वतःचा अपमान समजतो. मी तिथे विणकाम शिकवते. हे सगळं झालं माझ्या मागापायी, म्हणून मलाच सांगायला हवं.

माझा माग संगणकावर चालतो. दोघांच्या मध्ये एक जुनं कार्ड आहे, आणि त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात. मार्चमध्ये कर्नेलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर कोणीतरी लिहिलं, की हा ड्रायव्हर मध्येच अडकतो, कोणी वापरतही नाही, काढून टाकू या. रायमोने लिहिलं, "मी वापरतो." उत्तर आलं, "मग ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त करा." ड्रायव्हर गेला की मागही जाणार होता, कारण तो ड्रायव्हर असलेली कर्नेलची जुनी आवृत्ती शाळेच्या संगणक विभागाला इमारतीत नको होती.

प्रोसेस, मेमरी, फायली एवढं रायमोला येत होतं. त्यापुढे मात्र कोणी बोट धरून शिकवत नाही. कोड वाचावा तर एक ओळ आणखी चार फायलींकडे पिटाळते. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने काम चालू असताना मारलेली हाक, हे नीट उमगायलाच महिना गेला. एकदा तर तीन आठवडे तो बदल करत होता आणि संगणक दर वेळी जुनंच कर्नेल घेऊन सुरू होत होता. ते कळलं त्या दिवशी दालचिनीचा पाव बशीत तसाच टाकून तो घरी गेला.

"कशाला डोकं फोडून घेतोस?" मी विचारलं.

"फुटलं असतं तर बरं झालं असतं, हेल्वी. निदान काहीतरी हललं असतं."

माग दर वीस मिनिटांनी थांबायचा. कुठे थांबतो ते बघायला त्याने इंटरप्टच्या सुरुवातीला संदेश छापणारी एक ओळ घातली, आणि माग थांबेचना. सलग आठ दिवस चालला. ओळ काढली की वीस मिनिटांत बंद, घातली की सुरू.

"मग राहू दे ना ती ओळ. माझे टॉवेल होतायत विणून."

"आणि दुरुस्तीचा पॅच पाठवताना काय लिहू? का चालतं ते लिहावं लागतं. नुसतं चालतंय म्हणून तिथे कुत्रं विचारत नाही."

"माहीत नाही म्हणून लिही."

शुक्रवारी त्याने खरंच तसं लिहिलं. ऑक्टोबरची ती मुदत रविवारी संपत होती. कर्नेलचा तो भाग सांभाळणाऱ्या प्रमुखाचं उत्तर शनिवारी आलं: "कारण माहीत नसेल तर तुम्ही दोष काढलेला नाही, झाकला आहे." मला त्या माणसाचा भयंकर राग आला. रायमोला स्वतःचाच आला, आणि ते बघवत नव्हतं. रविवारी ड्रायव्हर काढला गेला.

मंगळवारी तो सौनातून, म्हणजे वाफेच्या स्नानातून, ओल्या केसांनीच शाळेत आला.

"ड्रायव्हर कार्डाला आधी काम सांगतो, आणि मग 'मी वाट बघतोय' अशी नोंद करतो. कधी कधी नोंद व्हायच्या आधीच कार्डाचं उत्तर येतं. वाट बघणारा कोणी दिसत नाही, उत्तर वाया जातं, आणि हा बसतो वाट बघत जन्मभर. माझी ओळ छापण्यात वेळ जायचा, तेवढ्यात नोंद उरकायची. एवढंच होतं गं."

दोन ओळींची अदलाबदल आणि वर अकरा ओळींचं कारण. त्याने ते पाठवलं. तासाभरात उत्तर आलं, ते त्याने मला वाचून दाखवलं: "कारण अचूक आहे. पण ज्या फाइलमध्ये हा बदल करायचा, ती रविवारीच गेली. परत आणायची असेल तर दोन महिन्यांनी बोलू."

"सात महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला बरोबर म्हणालं," रायमो म्हणाला.

पण माग न्यायला भंगारवाल्याची गाडी त्याच गुरुवारी यायची होती. रायमोने कात्री घेतली, मी अर्धवट टॉवेल ताणून धरला, आणि आम्ही तो मागावरून कापून काढला.