पैंचा कॉम्प्युटर आणि आमच्या घरचा नारळ

कॉम्प्युटरबद्दल लिहिणारा माणूस कॉम्प्युटर विकत घेत नाही. शेजारणीकडून पुरणयंत्र आणावं तसा तो मागून आणतो, वापरतो, पुसतो आणि परत देतो. फरक इतकाच, की पुरणयंत्र परत करताना पुरण किती वाईट निघालं हे छापून आणायचं नसतं!

ऐंशीच्या दशकात मी एका मराठी मासिकात कॉम्प्युटरवर सदर लिहायचो, तेही कॉम्प्युटरला हात न लावता. (इंग्रजी मासिकं वाचून. लिहायला काय जातंय!) शेवटी संपादकांनी दम भरला: पुढच्या अंकात स्वतः वापरलेल्या मशीनबद्दल लिही, नाहीतर सदर बंद. मग मी साकीनाक्याला पै नावाच्या गृहस्थांच्या गाळ्यावर खेटे घालायला लागलो. पै स्वतः कॉम्प्युटर जोडून विकायचे. विकत घ्यायचा नाही तर न्यायचा कशाला, हे त्यांना काही केल्या पटेना. अखेर एकदाचे विरघळले.

"न्या. पण जसा नेला तसाच आणायचा," ते म्हणाले. "धड आणलात तर पुढच्या वेळी प्रिंटर देईन. नाहीतर अख्ख्या साकीनाक्यात तुम्हाला कोणी वायरसुद्धा देणार नाही."

एक खोकं मांडीवर, दोन पायांशी घेऊन मी रिक्षाने दिंडोशीला निघालो, तेव्हा स्वतःच्या वरातीतसुद्धा नव्हतो एवढा खूश होतो! (बायकोने हे वाचू नये.) घरी आल्यावर आईने विचारलं, हा कोणाचा? मी छाती फुगवून सांगितलं, सध्या आपलाच. तिथेच वाट लागली.

मशीन टेबलावर मांडून मी थ्री-पिन प्लग आणायला खाली गेलो. परत येतो तो घरात अख्खी बिल्डिंग, प्रत्येकाच्या हातात पेढा! पडद्याला हळदकुंकू, कीबोर्डवर जास्वंद, आणि आई पदराने काहीतरी पुसत होती. मी घाईघाईने कुंकू पुसलं, फूल उचललं, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला जेवणसुद्धा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड रुसला. बटण दाबलं की खाली जायचं आणि तिथेच मुक्काम करायचं. मी तर हरखलोच. परीक्षकाला दोष सापडणं म्हणजे कोळ्याला जाळ्यात हलवा मासा सापडणं! ताबडतोब लिहायला बसलो.

"अहो, आधी आईंना विचारा ना," बायको म्हणाली.

"हे टेक्निकल आहे," मी म्हणालो. "आईला काय कळतंय?"

'बटणांचा दर्जा शोचनीय' असं मी ठणकावून लिहिलं. अंक निघाला तसा तो काखेत मारून मशीन परत करायला गेलो. पैंनी लेख शांतपणे वाचला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि माझ्यादेखत कीबोर्ड उघडला. आतून करवंटीचा एक टवका निघाला. मग चार अक्षता. बाकी सगळं चिकट.

पैंनी एक अक्षता चिमटीत धरून उजेडात पाहिली. "हा पार्ट आमचा नाही," ते म्हणाले.

मला धरणी ठाव देईना. घरी येऊन आईला जाब विचारला, तर ती शांतपणे तांदूळ निवडत होती.

"नवी वस्तू घरात इली, तिका नारळ नको?" ती म्हणाली. "चार थेंब तर शिंपडलंय. तीर्थान काय बिघाडता?"

पुढच्या अंकात मला खुलासा छापावा लागला: बटणं उत्तम आहेत, नारळही उत्तम होता, परीक्षक मात्र शोचनीय. आता सदर संपलं म्हणून मी सुतक धरून बसलो होतो. आणि एका रविवारी पै स्वतः दारात! हातात प्रिंटर. खुलासा वाचून लोक म्हणे त्यांच्या गाळ्यावर विचारायला येत होते, नारळपाणी पचवलेला कॉम्प्युटर तो हाच का? मी आनंदाने त्यांना मिठीच मारली.

"आईंना सांगा, नारळ गाळ्यावरच फोडलाय," पै आत पाऊल टाकण्याआधी म्हणाले.

आईने प्रिंटरला नुसतं ओवाळलं. निदान माझ्यासमोर तरी. त्याचं परीक्षण मी फार जपून लिहिलं: 'कागद मधूनमधून अडकतो. दोष कंपनीचा की आमच्या घरचा, याचा तपास चालू आहे.'