तीस अक्षरांचे सावंत

"तुमचा कंप्युटर म्हणतोय, ओ निगेटिव्हचा एकही डोनर नाही. मी म्हणते, आहे. गणपतीतल्या कॅम्पमध्ये मीच त्याचं रक्त घेतलंय. नाव आठवत नाही, म्हणून तर तुमचं यंत्र घेतलं ना?"

मुलुंडच्या ब्लड बँकेतून डॉ. सबनीसबाईंचा फोन होता. शेजारच्या नर्सिंग होममध्ये एका बाईची डिलिव्हरी झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. बँकेतल्या ओ निगेटिव्हच्या बाटल्या संपत आल्या होत्या. बाकीच्या ब्लड बँका फोनवर 'बघतो' म्हणत होत्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साकीनाक्याला एका लेथवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस. खाली मशीन सुरू झालं की वर कीबोर्ड थरथरायचा. ब्लड बँकेचा डोनरच्या नोंदींचा प्रोग्राम आमच्या देसाई साहेबांनी सी भाषेत लिहिलेला, टेस्टिंग माझं. आम्ही तसेच रिक्षात बसलो.

बँकेत बाकावर त्या बाईचा नवरा बसला होता. हातात रिकामा थर्मास. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मिळेल ना?" मी मान हलवली. तडक कंप्युटरपाशी गेले.

दोन माणसं जुन्या फॉर्मचे गठ्ठे उपसत होती. मी नावं स्क्रीनवर घेतली. काही नावांपुढे रक्तगटाची जागा चक्क कोरी! आणि ती सगळी माणसं सावंत.

"मंगल, यांचा गट टाकला नव्हतास?" मी ऑपरेटरला विचारलं.

"टाकला गं! कॅम्पच्या चाळीत अर्धे सावंत. त्यात चार राजाराम. मग वडलांचं नाव टाकायचं, पुढे गाव टाकायचं. मशीन बीप करेपर्यंत टाइप करते मी."

नावाला जागा तीस अक्षरांची, ती भरली की बीप व्हायचा तिसाव्या अक्षराला. साहेबांनी कपाळाला हात लावला. "वाट लागली! शून्य!"

ते शून्य काय, ते सांगते. मजकूर कुठे संपला हे सी भाषेला आपोआप कळत नाही. शेवटच्या अक्षरानंतर एक शून्य ठेवावं लागतं. ते दिसत नाही, पण जागा खातं. पंगतीत तीस पाट मांडले आणि तीस पाहुणे बसले, तर वाढप्याने बसायचं कुठे? तो शेजारच्या पंगतीत पहिल्याच पाटावर बसतो. इथे शेजारची पंगत रक्तगटाची होती. गट आधी भरला जायचा, नाव मागाहून. त्यामुळे नाव बरोब्बर तीस अक्षरांचं झालं, की त्याचं शून्य गटाच्या पहिल्या अक्षरावर बसायचं. पहिल्यालाच शून्य दिसलं, की मशीन म्हणणार, मजकूर संपला. टेस्टिंगला मी आमच्या ऑफिसातली नावं टाकली होती. सगळी आखूड.

"म्हणजे गट पुसला गेला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"फक्त पहिलं अक्षर, बाई. मागचं असेल," मी म्हटलं आणि फाइल कच्च्या रूपात उघडली, प्रोग्रामला मध्ये न घेता. कोऱ्या जागांमागे शेपट्या शाबूत होत्या. प्लस, प्लस, पुन्हा प्लस. आणि एका राजाराम सखाराम सावंतच्या मागे मायनस. गाव तळवडे, तेही अर्धवट कापलेलं.

"ए, बी की ओ, ते मात्र गेलंय," मी म्हणाले.

"तपासायला मला कितीसा वेळ लागतो? आधी माणूस आणा!"

माणूस भांडुपच्या कारखान्यात होता. साहेब स्वतः रिक्षाने जाऊन त्याला घेऊन आले. सावंत शिमग्याहून नुकतेच परतलेले. खुर्चीवर आडवे होत म्हणाले, "माका आधीच कित्याक नाय बोलवलास?"

साहेबांनी खरं ते सांगितलं, डॉक्टरबाईंसमोर आणि त्या नवऱ्यासमोरही. "प्रोग्राम मी लिहिलाय. चूक माझी. हिची नाही, आणि मंगलचीही नाही." मी प्रोबेशनवर होते. टेस्टिंग माझ्या नावावर होतं. ती चूक माझ्यावर ढकलली असती तर माझी नोकरी गेलीच होती. त्या वाक्याचं ऋण मी आजही मानते.

गट ओच निघाला. सावंतांची बाटली नर्सिंग होममध्ये गेली. दुसरी दादरहून येईपर्यंत तिने त्या बाईला तगवलं. संध्याकाळी नवरा आला, थर्मासमध्ये चहा भरून. "शुद्धीवर आली. बाळाला मागतेय," म्हणाला आणि कपात ओतता ओतता रडायला लागला. आम्हीही रडलो. लाज कसली?

साहेबांनी तिथेच नावाची जागा एकाने वाढवली. लेकाचं एवढंसं काम!

पुढे मी पुष्कळ कंपन्या पाहिल्या. शिकले ते इतकंच: टेस्टिंगला आपली नावं टाकू नयेत, आपण फार सोयीचे असतो. माझ्याकडे तपासायला नवा प्रोग्राम आला, की पहिलं नाव मी राजाराम सखाराम सावंत टाकते. गावासकट, बीप होईपर्यंत.