कापलेली बरणी
गोणपाटाखाली मुरत पडलेल्या मातीला आंबूस वास येतो. तो आला की वरवंडजवळच्या पत्र्याच्या शेडमधली एक दुपार आठवते आणि अजूनही माझे कान तापतात. तिथं मी आप्पा कुंभारांकडे चाकावरचं काम शिकत होते. माझ्या ओलसर बरणीला पांढऱ्या मातीचा लेप देऊन मी त्यावर सुईनं करडईची फुलं कोरली होती. पुण्याहून आलेल्या एक बाई तीच कौतुकानं न्याहाळत होत्या. आप्पांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि तारेनं उभी कापली. “बूड बघा, विटंएवढं जाड हाय,” ते बाईंना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “भांडं जमत न्हाई म्हून फुलं काढतीस व्हय?” मी फळीवरची त्यांची ओली बरणी उचलली आणि त्याच तारेनं कापली. गळ्यापासून बुडापर्यंत भिंत एकसारखी पातळ होती. “आता नीघ,” आप्पा शांतपणे म्हणाले. मी निघाले ती परत गेले नाही. आज केंदूरला माझं स्वतःचं चाक आहे, आणि कोरायला बसण्याआधी मी दर खेपेला एक भांडं कापून बघते. त्यांची बरणी जाड निघाली असती, तर त्या माणसाला मी केव्हाच विसरले असते.