तीस डेका मैद्याचा केक

मंडळी, आज आईचा साठावा वाढदिवस. व्हिएन्नाला राहणाऱ्या वहिनीने केकची कृती पाठवली: तीस डेका मैदा, दहा डेका साखर, तेवढंच लोणी, चार अंडी.

डेका म्हणजे दहा ग्रॅम. मी समजले शंभर! कामशेतच्या बाजारातून तीन किलो मैदा आणला. साखर-लोणीही दहापट, अंडी मात्र चारच.

गोळा परातीत मावेना. मला रडूच कोसळलं.

आईने गोळा दाबून पाहिला. "आगं, ह्यो केक न्हाई, शंकरपाळ्याचं पीठ हाय. रडतीस काय? कढई ठेव!"

संध्याकाळी वहिनीचा फोन आला, "केक कसा झाला?"

"डबे भरून," मी म्हणाले.

कामशेतात कुणाला शंकरपाळ्या हव्यात का? फक्त किलोत मागा, डेकात नको.