केतनपुरता पत्ता

मुलुंडच्या चंद्रप्रकाश परबांनी आपला साधा ईमेल पत्ता कुठल्याही दुकानाला कधी दिला नाही. ऑफर हवी असेल तर पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकायचं आणि पुढे त्या दुकानाचं नाव. मेल येते आपल्याच पेटीत, पण कोणी पत्ता विकला तर चोर लगेच सापडतो. सोसायटीतले लोक टर उडवायचे. परबांना त्याचं काहीच नव्हतं, माणूस मुळातच चिवट.

असाच एक पत्ता त्यांनी मुलासाठी केला होता. केतन भांडून घर सोडून निघाला, तेव्हा पुढे ‘केतन’ जोडलेला पत्ता चिठ्ठीवर लिहून त्याच्या बॅगेत सरकवला. पुढे त्याचा फोन बंद झाला, मित्रांनाही ठावठिकाणा लागेना.

दोन वर्षांनी त्या पत्त्यावर पहिली मेल आली. मालाडच्या एका बुटांच्या दुकानात नाव नोंदवल्याबद्दल केतनचे आभार, पहिल्या खरेदीवर वीस टक्के सूट. आपला पत्ता दुकानाला द्यायचा नाही, हे पोराने बरोबर पाळलं होतं. त्याने बापाचा दिला होता. परब ढसाढसा रडले. त्यांच्या बायकोने, मालनने, देवापुढे साखर ठेवली.

परब मालाडला जाऊन आले. दुकानात कोणाला काही सांगता येईना.

मग मेलवर मेल येऊ लागल्या. शर्ट, चष्मे, कर्जतचे प्लॉट, प्रत्येकीवर ‘प्रिय केतन’. मालन हरखून गेली. परबांना मात्र आठवडाभरातच कळलं होतं. आभाराची मेल माणसाने स्वतः नाव घातलं तरच येते. बाकीच्या येतात दुकानाने यादी विकली म्हणून. त्या यादीला माणूस आहे की गेला, काही फरक पडत नाही. आभाराची मेल पुन्हा आली नाही, त्याला आता चौदा महिने झाले. एक बटण दाबलं की त्या पत्त्यावर येणारं सगळंच बंद होईल. परबांचं बोट तिथवर जातं आणि भीतीने मागे येतं.

आज सकाळी मालनने चहाचा कप पुढे ठेवला. ‘‘काय इला?’’

परबांनी चष्म्याच्या जाहिरातीकडे पाहिलं.

‘‘इला. चष्मो केल्यान.’’

‘‘नंबर लागलो तेका?’’ ती खुर्चीवर बसलीच. ‘‘मी सांगी होतंय, मोबाईल डोळ्यांक लावन बसा नको म्हणान. किती हा नंबर?’’

‘‘फार नाय,’’ परब म्हणाले. ‘‘अर्धो.’’