पाठ फिरवून उभा राहणारा

निजामाच्या अमलात मी परभणीला वकिली करायचो. माझ्या फटफटीच्या पेटीचं कुलूप अडकलं की स्टेशनाजवळच्या कुलूपवाल्याकडं जायचो. तो कुलपाला कान लावून किल्ली हलवायचा. "परत करडईचं तेल घातलं ना, वकीलसाब? त्यानं धूळ धरती," म्हणत पेन्सिलीच्या शिशाची पूड आत फुंकायचा. कुलूप सुटलं की मात्र झाकणाला हात न लावता पाठ फिरवायचा. "उघडा तुमी. आत बघणं आपलं काम न्हाई."

एकदा पेटीत ठेवलेलं घड्याळ सापडेना. मी त्याला भर बाजारात चोर म्हणालो, शिपाई आणून त्याचं दुकान उलथंपालथं करवलं. आठवड्यानं घड्याळ माझ्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

पुढं कुलूप पुन्हा अडकलं. गावात दुसरा कारागीर नव्हता, म्हणून त्याच्याकडंच गेलो. त्यानं कान लावला, पूड फुंकली, कुलूप सोडलं. तेलाबद्दल चकार शब्द काढला नाही. पाठ फिरवली आणि दोन्ही रिकामे हात मला दिसतील असे वर धरले. मी झाकण लावेपर्यंत ते खाली आले नाहीत.

घड्याळ माझ्या खिशात टिकटिकत होतं. कुलपातली बारीक कुरकुर ऐकणाऱ्या त्या कानांना ते ऐकू आलं नसेल, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?